गावचं अग्निशमन पथक गावातच उभं राहू दे: कोकणातल्या गावांच्या मुंबई मंडळांना खुलं पत्र

प्रति,
गावोगावच्या ग्रामविकास मंडळांचे मुंबईतले पदाधिकारी आणि सभासद,
लालबाग-परळपासून विरार, दिवा, बदलापूरपर्यंत.

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की आपल्या मंडळांच्या वार्षिक सभांचे निरोप फिरू लागतात. कुणाची सभा शाळेच्या हॉलमध्ये, कुणाची सोसायटीच्या गच्चीवर, कुणाची अजून मुंबईतल्या गावच्या सामायिक खोलीत. विषयपत्रिका आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मागच्या सभेचं इतिवृत्त, जमाखर्च, सभामंडपाचं राहिलेलं काम, शिमग्याची पालखी, क्रिकेटचे सामने, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. यंदा या पत्रिकेत एका विषयाची भर घाला, आणि तो आयत्या वेळेवर ढकलू नका, एवढी विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. विषय आहे गावाचं स्वतःचं स्वयंसेवी अग्निशमन पथक.

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. मुंबई अग्निशमन दलात ३१ वर्षं काढली. फायरमन म्हणून लागलो, सब ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. दरवर्षी १४ एप्रिलला गोदीच्या स्फोटातल्या शहीद जवानांना मानवंदना असते. १९४४ साली त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला होता. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. आग विझवायला गेलेल्या ६६ जवानांचे प्राण गेले. देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ. निवृत्तीनंतरही मी मानवंदना चुकवत नाही. दोन वर्षांपूर्वी मात्र चुकली, कारण मी गावी होतो.

त्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमाराला सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, मागून धूर दिसला. समुद्राकडचा वारा जोरात होता आणि आग वाडीच्या दिशेने चढत होती. देवळातली घंटा वाजली. मी मोजलं, आम्ही १४ जण जमलो. त्यातल्या ९ बायका. सगळ्यात तरुण माणूस म्हणजे आमचे गुरव, वय ४६. दोघे तर सत्तरीच्या पुढचे. हाताला लागले ते जांभळीचे, अंजनीचे टहाळे तोडले आणि झोडपायला लागलो. वाळलेलं गवत छातीइतकं उंच. काजूच्या बागेत आग शिरली तसा आवाजच बदलला. बिया तडातड फुटायला लागल्या, टरफलातल्या तेलाचा धूर डोळ्यांत आणि घशात उतरला. माझी चुलती बागेच्या गडग्याशी उभी राहून झोडपत होती. तिच्या हातातल्या टहाळ्याची पानं कधीच जळून गेली होती, नुसती काठी उरली होती, तरी ती झोडपतच होती. मी हाताला धरून बाजूला केलं तेव्हा तिच्या लक्षात आलं.

फोन पहिल्या पाच मिनिटांतच केला होता. बंब आला १ तास ४० मिनिटांनी. त्या जवानांचा काडीचा दोष नाही, हे मी कुणासमोरही सांगेन. त्यांच्याकडे एकच गाडी, ती आधीच दुसऱ्या आगीच्या वर्दीवर गेलेली, मधे घाट आणि अरुंद रस्ता. गाडी पोचली तीही डांबरी संपते तिथपर्यंत. तिथून खाली आमची वाडी, आणि मधे जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. बंब पाखाडी उतरत नाही. होज जोडून पाहिला, तोही पुरला नाही.

माझं सगळं शिक्षण पाण्याचं. हायड्रंट, पंप, नोझल. इथे पाणी होतं विहिरीच्या तळाला. त्या संध्याकाळी खरा अधिकारी ठरला तो गुरव. तो म्हणाला, ‘‘भाऊ, आता अंगावर घेऊ नका. दिवस बुडाला की खारा वारा पडेल. मतलई, म्हणजे जमिनीकडचा वारा, सुटायच्या आत पाखाडीच्या कडेने आपणच गवत पेटवत जाऊ.’’ तसंच केलं. पाखाडीच्या अलीकडचं गवत ओरबाडून काढलं, पलीकडचं थोडं थोडं पेटवलं, खालून आलेल्या वणव्याला खायला काही उरलं नाही. घरं वाचली. चुलतीची ६२ काजूची कलमं, एक गोठा आणि वर्षभराची वैरण मात्र गेली. ती कलमं ७ वर्षांची होती.

तेव्हापासून हाच विचार डोक्यात आहे. आमचा गाव १४ माणसांवर आला कसा, हे तुम्हाला सांगायला नको. आपणच ते.

आजी सांगायची, तिच्या लहानपणी गावात घरं पेंढ्याने शाकारलेली. एखादं घर पेटलं की ढोल वाजायचा आणि ज्याचं त्याचं काम ठरलेलं असायचं. बायका विहिरीपासून घरापर्यंत रांगेत उभ्या राहायच्या, भरलेल्या कळशा पुढे, रिकाम्या मागे. दोघे-तिघे शेजारच्या घरावर चढून त्याचा पेंढा उतरवायचे, म्हणजे आग पुढे उडी मारणार नाही. सुतार कुऱ्हाड घेऊन यायचा, वासे तोडायला. पोरं गोठ्यातली दावी कापायची. ओली घोंगडी, शेणकाला, केळीचे गाभे, जे असेल ते. दुसऱ्या दिवशी घरटी एक वासा, एक भारा पेंढा आणि एका माणसाचं काम असं जळक्या घराला मिळायचं. या गोष्टीकडे मी लहानपणी गोष्ट म्हणून पाहिलं. नोकरीत शिरल्यावर कळलं की आजी अग्निशमनाचा धडाच सांगत होती. पाण्याची साखळी, आगीचा मार्ग तोडणं, जनावरांची सुटका, पुनर्वसन. हे पथक कुठे नोंदलेलं नव्हतं, पण होतं.

ते मोडलं त्याला एक कारण नाही. गिरण्यांनी माणसं मुंबईला ओढली, मग कारखान्यांनी, आता ऑफिसांनी. पण माणसं गेली एवढ्यावर थांबलं नाही. माणसांबरोबर गुरं गेली, आणि गुरं गेली तसं डोंगरावरचं गवत खायला कुणी उरलं नाही. शेतं पडीक पडली, तिथेही गवत माजलं, ते थेट परड्यापर्यंत आलं. पूर्वी राब, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा, भाजायचे तेव्हा शेजारी-पाजारी हजर असायचे आणि कडेला पाणी भरून ठेवलेलं असायचं. आज एकटा म्हातारा भाजवळ करतो आणि वारा आला की बघत राहतो. म्हणजे जळण वाढलं आणि विझवणारे घटले, दोन्ही एकदमच. फेब्रुवारीपासून मेपर्यंत कुणाची विडी, कुणाचा राब, विजेच्या तारांची ठिणगी, नाहीतर नवं गवत चांगलं येतं या समजुतीने मुद्दाम लावलेली काडी, एवढं पुरतं. आणि आपल्याकडचे डोंगर बहुतेक मालकीचे, त्यामुळे वनखात्याची माणसं आणि जाळरेषा, म्हणजे वणवा थोपवायला गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, सगळीकडे असणार नाहीत.

‘हे काम सरकारचं आहे’ असं सभेत कुणीतरी म्हणेल. त्याला एक गोष्ट सांगा. १९९२ साली राज्यघटनेत दोन दुरुस्त्या झाल्या. शहरांसाठी बारावी अनुसूची आली, तीत १८ विषय आहेत आणि त्यात अग्निशमन सेवा स्वच्छ शब्दांत लिहिलेली आहे. पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली, तीत २९ विषय आहेत. शेती आहे, मत्स्यव्यवसाय आहे, वाचनालयं आहेत, बाजार आणि जत्राही आहेत. अग्निशमन त्यात नाही. नगरपरिषदेचा किंवा एमआयडीसीचा बंब आपल्या गावात येतो तो बहुतेक वेळा आपली हद्द सोडून, माणुसकीने येतो. सरकारकडे मागणी जरूर लावून धरा, मीही सही करीन. पण ती मागणी पुरी होईपर्यंत दरवर्षी एक उन्हाळा येणारच आहे.

आपलं शहर तरी पहिल्यापासून सज्ज होतं असं कुठे आहे? १८०३ च्या फेब्रुवारीत फोर्टमधला मोठा भाग जळाला, तेव्हा मुंबईत अग्निशमन दल नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं आग विझवणं हे पोलिसांच्या गळ्यातलं जादा काम होतं. स्वतंत्र दल १८८७ साली झालं, आणि १८८८ च्या कायद्याने ते महापालिकेकडे आलं.

बाहेरच्या जगात तर खेड्यांनी कुणाची वाटच पाहिली नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये बेरिगन नावाचं एक छोटं गाव आहे, सपाट माळावरचं. तिथल्या लोकांनी १८९६ साली वणव्यासाठी आपलं पथक केलं. त्या राज्यातलं ते पहिलं मानतात. मग गावोगाव पथकं झाली. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात मात्र पथकं असूनही एकमेकांत मेळ नव्हता. १३ जानेवारी १९३९ ला तिथे वणव्यांनी हाहाकार केला, ७१ माणसं गेली. न्यायाधीश स्ट्रेटन यांनी चौकशी केली आणि अहवालात सरळ लिहिलं की या आगी माणसाच्या हातांनी लागल्या. तरी सरकार हललं नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात पुन्हा माणसं जळून मेली, म्हणजे ज्या वर्षी आपल्या गोदीत स्फोट झाला त्याच वर्षी. त्यानंतर १९४५ मध्ये सगळ्या ग्रामीण पथकांना एका छत्राखाली आणणारी ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ उभी राहिली. आज तिच्यात सुमारे ५०,००० स्वयंसेवक आहेत. शेतकरी, शिक्षक, दुकानदार. चिलीमध्ये तर राजधानीतले अग्निशामकसुद्धा पगार घेत नाहीत, ती रीत १८५१ पासून चालत आली आहे. जर्मनीत पगारी दल फक्त शंभरेक मोठ्या शहरांत आहे, बाकी सगळा देश सुमारे दहा लाख स्वयंसेवक सांभाळतात. हे देश श्रीमंत आहेत म्हणून जमतं असं म्हणू नका. बेरिगनच्या शेतकऱ्यांकडे १८९६ साली ओली पोती आणि झाडांच्या फांद्याच होत्या. आमच्याकडे होतं तेच.

मुंबईलाही हे नवं नाही. होमगार्ड ही स्वयंसेवकांची संघटना डिसेंबर १९४६ मध्ये याच शहरात सुरू झाली आणि मग देशभर गेली.

आता मंडळांनी काय करायचं ते सांगतो. पहिलं सांगायचं ते काय करू नये. बंब विकत घेऊ नका. सभेत ही सूचना नक्की येईल, देणगीदारही मिळेल. पण गाडीला रोजचा ड्रायव्हर लागतो, डिझेल, विमा आणि दुरुस्ती लागते, आणि एवढं करून ती पाखाडी उतरणार नाही. दोन पावसाळ्यांत देवळामागे गंजत उभी राहील. वणव्याशी लढायला लागतात ती साधी हत्यारं. जुन्या ट्रकच्या मडगार्डची रबरी झडप घ्या, साधारण फूटभर रुंद आणि दीड फूट लांब. खालच्या बाजूने चार-पाच उभे काप द्या आणि वरची कड सहा फुटी बांबूला दोन बोल्टांनी आवळा. झाला फायर बीटर. तो डोक्यावर उचलून आपटायचा नाही, त्याने ठिणग्या उडतात. आगीच्या कडेवर दाबायचा आणि जळलेल्या बाजूला ओढायचा. बागायतदारांकडे फवारणीचे १६ लिटरचे पाठीवरचे पंप असतातच. ते औषधाचा अंश राहणार नाही इतके स्वच्छ धुऊन फेब्रुवारी ते मे भरून ठेवायचे. कोयते, फावडी, दाताळी, डोक्याला लावायच्या बॅटऱ्या, बूट. वणव्याला टेरिलीनची साडी किंवा पँट घालून जायचं नाही, ती अंगाला चिकटते. सुती कपडे, तोंडावर ओला पंचा.

यापेक्षा मोलाचं काम आग लागायच्या आधीचं आहे. डिसेंबर-जानेवारीत वाडीभोवती आणि बागांभोवती दहा-पंधरा फुटांची जाळरेषा काढायची. गवत कापायचं, आणि जिथे जाळायचं तिथे दवाच्या पहाटे, वारा नसताना, पुरेशी माणसं हजर असताना. हे केलं तर पुढच्या चार महिन्यांतल्या अर्ध्या धावपळी वाचतील असं माझं मत आहे.

आणि पथकात माणसं कोण? इथे आपण नेहमी चुकतो. ‘गावातली तरुण मुलं’ असं आपण लिहितो आणि ती मुलं इथे डोंबिवलीला राहतात. पथक त्यांचं करा जी बारा महिने गावात आहेत. म्हणजे बचत गटातल्या बायका, गुरव, पोस्टमन, अंगणवाडीताई, रिक्षावाला, पन्नाशीतले बागायतदार. त्या दिवशीच्या १४ जणांत ९ बायका होत्या हे विसरू नका. मुंबई अग्निशमन दलात आज महिला जवान बंबावर जातात, तर ज्यांनी जन्मभर विहिरीचं पाणी ओढलं त्यांना नाव, शिट्टी आणि बूट द्यायला आपण का कचरावं? पथकप्रमुखही त्यांच्यातलाच किंवा त्यांच्यातलीच हवी. मुंबईचा अध्यक्ष फोनवरून वणवा विझवू शकत नाही.

शिकवायचं कधी, तर शिमग्याला. आपण सगळे तेव्हा गावात असतो, वणव्याचा हंगाम सुरू झालेला असतो, आणि होमाच्या भोवती गाव जमलेलाच असतो. होमाच्या दिवशी सकाळचे तीन तास द्या. वारा कसा बघायचा, चढावर आगीच्या वर कधीही का उभं राहायचं नाही, जळून गेलेल्या जागेवर पाय ठेवून बाजूने कसं झोडपत जायचं, परतीची वाट आधी कशी ठरवायची. घराची आग असेल तर पाणी मारण्याआधी वायरमनला फोन करून डीपीवरून लाइन बंद करून घ्यायची. सिलिंडरला आग असेल आणि तो तापायला लागला असेल तर सगळ्यांनी लांब पळायचं. पुढच्या प्रशिक्षणासाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात जाऊन ‘आपदा मित्र’ योजनेची चौकशी करा. त्यात स्वयंसेवकांना १२ दिवस शिकवतात. प्रत्येक घराच्या दारामागे १०१, ११२ आणि वनखात्याचा १९२६ हे नंबर लिहून चिकटवा. पथक आहे म्हणून वर्दी द्यायची नाही असं होता कामा नये. वर्दी पहिल्या मिनिटाला, मग झोडपायला.

एक नियम मी लेखी मागेन आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घेईन. माणूस अडकला नसेल तर कुणीही जळत्या घरात शिरायचं नाही. पैसे, दागिने, देव्हारा, काहीही असो. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीने आमचे चार अधिकारी नेले, सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई. त्यांच्याएवढं आगीचं ज्ञान असलेली माणसं मी फार पाहिली नाहीत. इमारत कोसळते तेव्हा ती अनुभव विचारत नाही. म्हणूनच मंडळाने प्रत्येक स्वयंसेवकाचा अपघात विमा स्वतः भरावा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये लागतात, वय १८ ते ७० चालतं, अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. ही रक्कम पुरेशी नाही, पण तेवढीही आज त्या १४ जणांपैकी कुणाच्या नावावर नव्हती, मी विचारलं तेव्हा कळलं.

गावात दोन पॅनेल आहेत, वाड्यावाड्यांत मानपान आहेत, हे मला माहीत आहे. आमच्या गावात पालखी कुणाच्या अंगणात आधी येते यावर बोलणी बंद झालेली घरं आहेत. तीच घरं त्या संध्याकाळी एकाच गडग्यावर उभी होती. पथकाला पॅनेलचं, पक्षाचं किंवा वाडीचं नाव देऊ नका. हत्यारं शाळेत ठेवा, चावी तीन ठिकाणी असू द्या.

मंदिराला पैसे देऊ नका असं मी म्हणत नाही. ग्रामदेवतेचं देऊळ आपल्यातल्या प्रत्येकाला मुंबईत जगायला बळ देतं. फक्त यंदाच्या वर्गणीतला एक हिस्सा या कामाला काढा, आणि जमाखर्चात त्याची स्वतंत्र ओळ ठेवा.

मी रविवारी मोकळा असतो. दलातले माझ्याबरोबर निवृत्त झालेले आणखी चार-पाच जण यायला तयार आहेत, आम्हाला मानधन नको. कुठल्याही मंडळाने सभेला बोलवावं. येताना गावाचा हाताने काढलेला नकाशा आणा. विहिरी कुठे, एप्रिलमध्ये त्यातल्या कुठल्या आटतात, डीपी कुठे, पाखाड्या कुठे, एकटी राहणारी म्हातारी माणसं कुठल्या घरात. त्यावर बसून दोन तासांत पथकाचा आराखडा होतो. मी केलेले दोन फायर बीटर बरोबर घेऊन येईन, हाताळून बघता येतील.

चुलतीने यंदा पावसात जळलेल्या जागी ३० नवी कलमं लावली आहेत. त्यांच्याभोवतीचं गवत डिसेंबर संपायच्या आत कापायचं आहे. त्यासाठी मी २० तारखेच्या गाडीने गावी जातो आहे. आमच्या मंडळातल्या ज्यांना चार दिवस सुट्टी काढता येईल त्यांनी कोयता घेऊन बरोबर यावं.

आपला,
एक निवृत्त अग्निशामक
भायखळा, मुंबई